हरलेल्या लढ्यांचा हिशोब

चळवळींचा इतिहास लिहिताना आपल्याकडे एक खोड आहे. जी चळवळ यशस्वी झाली तिच्या स्मरणिका निघतात, पंचवीस वर्षांनी तिचा महोत्सव होतो. जी हरली तिच्या एखाद्या कार्यकर्त्याच्या मृत्यूनंतर चार ओळींचा श्रद्धांजलीपर मजकूर छापून येतो आणि विषय मिटतो. वास्तविक गोरगरिबांनी उभारलेल्या बहुतेक चळवळी हरलेल्याच असतात. त्यांचा हिशोब कोणी मांडला नाही तर पुढच्या पिढीला प्रत्येक वेळी पहिल्या यत्तेपासूनच सुरुवात करावी लागते. म्हणून आम्ही येथे एका हरलेल्या लढ्याचा जमाखर्च मांडणार आहोत. हा लढा आहे भोपाळच्या गॅसपीडितांचा. चाळीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या लढ्यात पराभव पुष्कळ झाले, आणि प्रत्येक पराभवानंतर त्या बायाबापड्यांनी काहीतरी नवे शिकून घेतले. काय शिकले, आणि जे शिकता आले नाही ते काय, हे पाहण्यासारखे आहे.

भोपाळचा पहिला पराभव २ डिसेंबर १९८४ च्या रात्री झाला असे मानतात. आमच्या मते तो त्याआधी तीन वर्षे झाला होता. डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन वायूची गळती होऊन अशरफ खान नावाचा कामगार मरण पावला. त्याचा मित्र राजकुमार केसवानी हा तरुण पत्रकार होता. मित्राच्या मृत्यूने अस्वस्थ होऊन त्याने कारखान्याची माहिती गोळा करायला सुरुवात केली आणि १९८२ साली आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात एकामागून एक लेख लिहिले. हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे, असे त्याने बजावले. साप्ताहिकाचा खप थोडा होता. सरकारदरबारी कोणी दखल घेतली नाही. कारखान्यातील कामगार संघटनाही सुरक्षेविषयी ओरड करत होत्या, तीही भिंतीच्या आतच विरून गेली.

येथे काय चुकले? कामगारांना धोका माहीत होता, पत्रकाराला माहीत होता. परंतु भिंतीला लागून असलेल्या जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला या वस्त्यांतील माणसांना तो माहीत नव्हता. तेथे राहणारे लोक हमाल, विडीकामगार, हातगाडीवाले, शिंपी होते. कारखान्यात पिकांवरच्या किडीचे 'औषध' बनते एवढेच त्यांना ठाऊक होते. औषध म्हटल्यावर कोण घाबरणार? वायू सुटला तर वाऱ्याच्या दिशेने पळू नये, तोंडावर ओला कपडा धरावा, ही साधी गोष्टही त्यांना कोणी सांगितली नव्हती. त्या रात्री शेकडो माणसे वायूसोबतच धावत राहिली आणि रस्त्यात कोसळली. ज्ञान एका बाजूला आणि ज्याला त्याची गरज आहे तो माणूस दुसऱ्या बाजूला, अशी ही भिंत होती. पुढच्या सगळ्या चळवळीला ही भिंत पुन्हा पुन्हा आडवी आली.

त्या रात्रीचा तपशील आता बहुतेकांना माहीत आहे. मिथाइल आयसोसायनेटच्या ई-६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आतले द्रव उकळू लागले आणि सुमारे ४० टन विषारी वायू शहरावर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच खर्च वाचवण्यासाठी बंद केलेली होती. वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता. शहराच्या ५६ पैकी ३६ प्रभागांना पुढे गॅसग्रस्त म्हणून जाहीर करण्यात आले. कंपनीचे अमेरिकेतील अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबरला भोपाळला आले, त्यांना अटक झाली, जामीन मिळाला आणि त्याच दिवशी सरकारी विमानाने त्यांना दिल्लीला पोचवण्यात आले. ते पुन्हा कधीही भारतातील न्यायालयासमोर उभे राहिले नाहीत. २०१४ साली अमेरिकेतच त्यांचा मृत्यू झाला.

या घटनेनंतर काही दिवसांतच 'जहरीली गॅस कांड संघर्ष मोर्चा' उभा राहिला. देशभरातून डॉक्टर, शास्त्रज्ञ, विद्यार्थी, कार्यकर्ते भोपाळला आले. त्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी मोर्चे काढले, धरणी धरली, सरकारला जाब विचारला. त्या वेळी एक वाद पेटला होता. पीडितांना सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शने द्यावीत की नाही, हा तो वाद. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने या औषधाच्या बाजूने मत दिले होते, तरी स्थानिक वैद्यकीय अधिकारी ते द्यायला तयार नव्हते. कारण उघड होते. इंजेक्शनने बरे वाटते असे सिद्ध झाले तर विष रक्तात भिनले होते हेही सिद्ध होते, आणि मग कंपनीची जबाबदारी वाढते. तेव्हा कार्यकर्त्यांनी स्वतःच जनस्वास्थ्य केंद्र उघडून इंजेक्शने द्यायला सुरुवात केली. जून १९८५ मध्ये पोलिसांनी तेथे धाड घातली, डॉक्टर आणि कार्यकर्त्यांना अटक केली आणि रुग्णांच्या नोंदी उचलून नेल्या.

हा दुसरा पराभव. मोर्चा पुढे मतभेदांनी आणि दमनाने खिळखिळा झाला. या पराभवातून निघालेला धडा कडू होता. बाहेरून आलेली माणसे कितीही चांगली असली तरी त्यांना कधीतरी परत जावे लागते, त्यांना अटक करून हद्दपार करणे सोपे असते आणि त्यांच्यातले वैचारिक वाद हे वस्तीतील बाईच्या खोकल्याशी संबंधित नसतात. लढा टिकवायचा तर ज्याचे जळते त्यालाच उभे राहावे लागते. पण तो उभा राहणार कसा? पुरुष हमालीला जायचा, तेही श्वास पुरत नसल्याने सुटलेले. आणि बायका? त्या घराबाहेरच पडत नव्हत्या.

त्या घराबाहेर पडल्या त्या शिवणयंत्राच्या निमित्ताने. सरकारने पुनर्वसनाचा भाग म्हणून गॅसपीडित बायकांसाठी शिवणकामाची केंद्रे उघडली होती. तेथे जुन्या भोपाळच्या गल्लीबोळांतील हिंदू-मुसलमान बायका एका ओळीत बसून कपडे शिवू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचे पैसे हाती आले आणि शेजारणीच्या घरातही तसेच मरण होऊन गेले आहे हेही तेथेच कळले. काही काळाने ही केंद्रे बंद करण्याचे घाटू लागले तेव्हा बायका चवताळून उठल्या. त्यातूनच १९८६ साली 'भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संगठन' जन्माला आले. त्याचे संयोजक होते अब्दुल जब्बार. विंधनविहिरींच्या कामावर पोट भरणारा हा तरुण. गॅसने आई, वडील आणि भाऊ गमावलेला, स्वतःची फुफ्फुसे आणि डोळे अधू झालेला. ना वकील, ना डॉक्टर, ना कोणत्या पक्षाचा पुढारी. संघटनेची सभा यादगार-ए-शाहजहानी बागेत दर शनिवारी भरायची. ऊन असो, पाऊस असो, रमजान असो, शनिवार चुकला नाही. ही रीत तीस वर्षांहून जास्त चालली.

येथे आम्हाला एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. ज्या वर्षी भोपाळच्या मुस्लिम बायका बुरखा सावरत रस्त्यावर येत होत्या, त्याच वर्षी त्याच मध्य प्रदेशातील एका वृद्ध मुस्लिम बाईच्या नावाने सारा देश ढवळून निघाला होता. इंदूरच्या शाहबानोच्या पोटगीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल १९८५ रोजी दिला. त्याविरुद्ध देशभर प्रचंड मोर्चे निघाले आणि १९८६ साली संसदेत नवा कायदा मंजूर करून घेण्यात आला. मुस्लिम समाजाचे पुढारी म्हणवणारे सारे तेव्हा शरियतच्या रक्षणासाठी मैदानात होते. परंतु इंदूरपासून दोनशे किलोमीटरच्या आत हजारो मुस्लिम कुटुंबे विषाने सडत होती, त्यांच्या औषधपाण्यासाठी तसा एक तरी देशव्यापी मोर्चा निघाला काय? शाहबानोच्या पोटगीची बाजू घेणाऱ्या बऱ्याच सुधारकांनाही काझी कॅम्पमधील बाईचा खोकला हा 'मुस्लिम प्रश्न' वाटला नाही. तलाक, पोटगी, दंगल, उर्दू एवढेच मुसलमानांचे प्रश्न, आणि हवा-पाणी-रोजगार हे कोणा दुसऱ्याचे, अशी आपल्या मनाची वाटणी झालेली होती. भोपाळच्या बायकांनी ही वाटणी कोणतेही भाषण न देता मोडली. मुस्लिम स्त्री म्हटल्यावर समाजाने केवळ कुटुंबकायद्याचीच चर्चा करावी, हे त्यांनी मान्य केले नाही. एकेकाळी चार बेगमांनी राज्य केलेल्या त्या शहरात हे घडले, हा योगायोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता सर्वांत मोठ्या पराभवाकडे येऊ. मार्च १९८५ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार एकट्या स्वतःकडे घेतला. पीडित म्हणजे जणू अज्ञान बालक आणि सरकार त्याचा पालक. हेतू कदाचित वाईट नसेल. अमेरिकेतून वकिलांची रीघ लागली होती आणि गरिबांची लूट होण्याचा धोका होता. पण ज्या सरकारने कारखान्याला परवाने दिले, तपासणीत डोळेझाक केली, तेच सरकार पीडितांचे वकील झाले. मे १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने हा खटला भारतातच चालावा असे सांगून परत पाठवला. भारत सरकारने ३३० कोटी डॉलरचा दावा लावला. डिसेंबर १९८७ मध्ये भोपाळच्या जिल्हा न्यायालयाने ३५० कोटी रुपयांची अंतरिम मदत द्यायला सांगितले, उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली. कंपनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आणि त्याच अपिलात, १४ फेब्रुवारी १९८९ रोजी, अचानक तडजोड जाहीर झाली. रक्कम ४७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ७१५ कोटी रुपये. दिवाणी दावे संपले, फौजदारी खटलेही संपले.

ज्यांच्या नावाने ही तडजोड झाली त्यांतील एकालाही कोणी विचारले नव्हते. या हिशोबात मृतांची संख्या सुमारे ३,००० धरली होती. पुढे दावे न्यायालयांनी स्वतः ५,२९५ मृत्यूंची भरपाई मंजूर केली आणि एकूण दावेदार पावणेसहा लाखांच्या घरात गेले. ७१५ कोटींना या आकड्याने भागले तर माणशी साडेबारा हजार रुपयांच्या आसपास येतात. आयुष्यभराच्या दम्याची ही किंमत.

बातमी कळताच शेकडो बायका रेल्वेने दिल्लीला धडकल्या आणि सर्वोच्च न्यायालयासमोर त्यांनी निदर्शने केली. संघटनांनी फेरविचार याचिका दाखल केल्या. ३ ऑक्टोबर १९९१ रोजी निकाल लागला. तडजोडीची रक्कम कायम राहिली, म्हणजे मुख्य मागणी हरली. पण दोन गोष्टी पदरात पडल्या. फौजदारी खटले पुन्हा जिवंत झाले. आणि रक्कम कमी पडली तर तूट केंद्र सरकारने भरून काढावी असे न्यायालयाने सांगितले. त्याआधी १९९० पासून ३६ प्रभागांतील रहिवाशांना दरमहा २०० रुपये अंतरिम मदत सुरू झाली होती, तीही आंदोलनाच्या रेट्यामुळेच. ही रक्कम पुढे अंतिम भरपाईतून वळती करण्यात आली, हे वेगळे.

१९८९ च्या पराभवाने चळवळीला तीन गोष्टी शिकवल्या असे आम्हाला दिसते.

पहिली गोष्ट म्हणजे कागद. दावे न्यायालयापुढे प्रत्येकाला आपण त्या रात्री तेथे होतो, वायू अंगावर घेतला, आजारी पडलो, हे स्वतः सिद्ध करायचे होते. ज्या बाईचे नाव रेशनकार्डावर 'अमक्याची बीवी' एवढेच, जिने दवाखान्याची चिठ्ठी चुलीत घातली, तिने काय दाखवायचे? आजार हजर, पण पुरावा गैरहजर. बहुसंख्य दावेदारांच्या हाती म्हणून २५,००० रुपयांची किमान रक्कम पडली. तेव्हापासून चळवळ कागद सांभाळायला शिकली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका कोणत्या कागदाची झेरॉक्स कुठे लावायची हे बिनचूक सांगू लागल्या. आंदोलनाच्या इतिहासात घोषणा लक्षात राहतात, पण हे प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागदच खरे तर लढ्याचे हत्यार ठरले.

दुसरी गोष्ट म्हणजे पैशाच्या पलीकडे पाहणे. भरपाई ही एकदाच मिळते आणि संपते. सावकार, दलाल आणि दवाखाना मिळून ती वाटून घेतात. जब्बारांच्या संघटनेचा म्हणूनच सुरुवातीपासून आग्रह होता की खैरात नको, काम द्या. स्वाभिमान केंद्रात बायकांना शिवण, जरीकाम, टायपिंग असे धडे देण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे चालवले. स्टेशनरी छापखान्यात काम करणाऱ्या बायकांनी याच हेतूने वेगळी युनियन बांधली. तिच्या पुढारी होत्या राशिदा बी आणि चंपादेवी शुक्ला. एक पर्द्यात वाढलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली. दुसरी हिंदू घरातली, नवरा आणि मुले गमावलेली. १९८९ च्या उन्हाळ्यात सुमारे शंभर बायका पोरांना काखोटीला मारून भोपाळहून दिल्लीला पायी निघाल्या. साडेसातशे किलोमीटर! तात्काळ हाती फारसे काही लागले नाही. कायम नोकरी आणि समान वेतनाच्या मागणीसाठी पुढे कित्येक वर्षे कोर्टकचेरी करावी लागली. पण ज्या बाईने गल्लीचे टोक पाहिले नव्हते तिने दिल्ली पायी गाठली, त्यानंतर तिला कलेक्टर कचेरीची भीती कशी राहणार? २००४ साली दोघींना जगप्रसिद्ध गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या रकमेतून त्यांनी चिंगारी ट्रस्ट स्थापन केला आणि गॅसपीडितांच्या जन्मतः अपंग मुलांसाठी उपचार केंद्र चालवले.

तिसरी गोष्ट म्हणजे ज्ञान आपल्या हातात घेणे. वैद्यक संशोधन परिषदेने १९९४ साली भोपाळमधील आपला दीर्घ अभ्यास थांबवला. आजार थांबले नव्हते, मोजणे थांबले. तेव्हा १९९६ मध्ये संभावना क्लिनिक उभे राहिले. तेथे पीडितांवर मोफत उपचार आणि आजारांची नोंद दोन्ही होऊ लागले. जून १९८५ मध्ये पोलिसांनी पळवलेल्या नोंदींचे हे उत्तर होते असे म्हणता येईल. पाण्याच्या बाबतीतही असेच झाले. कंपनीने कारखान्याच्या आवारात आणि बाहेरच्या बाष्पीभवन तळ्यांत अनेक वर्षे विषारी गाळ टाकला होता, तो भूजलात झिरपत होता. सरकारी अहवाल काळजीचे कारण नाही म्हणत. हातपंपाच्या पाण्याला वास येतो, ही वस्तीतील बाईची तक्रार होती. १९९९ साली ग्रीनपीसने माती-पाण्याची तपासणी करून तिची तक्रार खरी ठरवली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश दिला. आदेश अमलात येण्यासाठीही भोपाळच्या लोकांना २००६ आणि २००८ साली पुन्हा दिल्लीपर्यंत चालत जावे लागले. म्हणजे कारखान्याच्या भिंतीआड राहिलेले जे ज्ञान १९८२ साली वस्तीपर्यंत पोचले नाही, ते वस्तीने वीस वर्षांनी स्वतः मिळवले.

या शिकण्याची फळेही थोडीफार आली. डॉलरचा भाव वाढल्याने आणि व्याजामुळे सरकारकडे भरपाईच्या निधीत मोठी रक्कम पडून होती. ती १,५०३ कोटी रुपयांची रक्कम पीडितांनाच वाटावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००४ मध्ये दिला आणि बहुतेकांना पूर्वीइतकीच रक्कम पुन्हा मिळाली. महिला उद्योग संगठनेने १९९८ साली लावलेल्या याचिकेवर ऑगस्ट २०१२ मध्ये निकाल लागला. पीडितांच्या आजारांच्या नोंदी संगणकावर ठेवाव्यात, रुग्णालयांवर देखरेख असावी, असे त्यात बजावले होते. चौदा वर्षांनी का होईना, कागदाचा मुद्दा न्यायालयाने मान्य केला.

परंतु आम्ही हा लेख गोड शेवटाकडे नेऊ इच्छित नाही, कारण तसा शेवट झालेला नाही. फौजदारी खटल्याची गोष्ट पाहा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींवरील सदोष मनुष्यवधाचे कलम काढून निष्काळजीपणाचे सौम्य कलम ठेवले. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याच दिवशी त्यांना जामीन मिळाला. देशभर संताप उसळला. सरकारने दोन्ही बाबतीत सुधार याचिका दाखल केल्या. कलम वाढवण्याची याचिका २०११ मध्ये फेटाळली गेली. भरपाई वाढवण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. इतक्या वर्षांनी तडजोड उकरून काढता येणार नाही, तूट भरण्याची जबाबदारी सरकारचीच होती, असा त्याचा सारांश. म्हणजे १९८९ चा पराभव चौतीस वर्षांनी कायमचा शिक्कामोर्तब झाला. अनुभवाने माणूस शहाणा होतो हे खरे. पण शहाण्या माणसाला न्याय मिळतोच असे नाही. पराभवातून शिकावे, असा उपदेश करणाऱ्यांनी हे विसरू नये. भोपाळच्या प्रत्येक धड्याची फी कोणीतरी आपल्या फुफ्फुसाने भरलेली आहे.

चळवळीच्या स्वतःच्या उणिवाही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गॅसपीडितांच्या संघटना एक राहिल्या नाहीत. प्रत्येकीचा नेता वेगळा, झेंडा वेगळा, ३ डिसेंबरचा कार्यक्रमही वेगळा. मागण्या जवळजवळ सारख्या असताना न्यायालयात वेगवेगळे वकील उभे राहिले. सरकारला हे सोयीचे होते. दुसरे असे की एका माणसाच्या जिवावर संघटना चालली. अब्दुल जब्बार १४ नोव्हेंबर २०१९ रोजी गेले. पुढच्या जानेवारीत त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. जिवंतपणी मात्र आजारपण आणि तंगी यांनी त्यांची पाठ सोडली नव्हती. दर शनिवारी बोलणारा आवाज थांबल्यावर सभा कोण चालवणार, याची सोय अशा चळवळींनी वेळीच करून ठेवायला हवी. बायका संघटनेचा कणा होत्या, तरी माईक बराच काळ पुरुषाच्या हातात राहिला, हेही नोंदवले पाहिजे. तिसरी उणीव ही की, ३६ गॅसग्रस्त प्रभाग आणि उरलेले शहर यांच्यात जी दरी पडली ती बुजवता आली नाही. भरपाईची रांग दिसली की इतर भोपाळकरांना तो लोभ वाटू लागला. आपल्याच शहराची सहानुभूती गमावणे ही साधी हार नव्हे.

आणि शेवटी तो कचरा. कारखान्याच्या आवारात पडून असलेला शेकडो टन विषारी कचरा कुठे न्यायचा हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत होता. गुजरातेतील अंकलेश्वरला नेण्याचा बेत झाला, तेथून नकार आला. मग २०११-१२ मध्ये आपल्या महाराष्ट्राची पाळी आली. नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत तो जाळण्याचे ठरत होते. विदर्भातील पर्यावरणवादी न्यायालयात गेले, महाराष्ट्र सरकारनेही विरोध केला आणि तो बेत रद्द झाला. अखेर १ जानेवारी २०२५ च्या रात्री ३३७ टन कचरा कडेकोट बंदोबस्तात धार जिल्ह्यातील पिथमपूरला हलवण्यात आला. तेथे लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी अंगावर पेट्रोल ओतून पेटवून घेतले. तरीही जूनअखेर सारा कचरा जाळण्यात आला. उरलेल्या राखेचे काय करायचे हा वाद त्यानंतरही चालू राहिला.

नागपूर सुटले, पिथमपूर अडकले, असा याचा अर्थ आहे. विष नाहीसे झाले नाही, एका गरीब वस्तीच्या दारातून दुसऱ्या वस्तीच्या दारात गेले. भोपाळच्या संघटनांना मात्र येथे मानले पाहिजे. आपल्या दारातली घाण गेली म्हणून त्यांनी पेढे वाटले नाहीत. पिथमपूरचे दुसरे भोपाळ करू नका, हा कचरा ज्या कंपनीचा तिलाच तो अमेरिकेत न्यायला लावा, असे त्या अखेरपर्यंत सांगत राहिल्या. २००१ पासून युनियन कार्बाइड ही डाऊ केमिकल कंपनीच्या मालकीची आहे. या मागणीचा रोख तिच्याकडे होता. ही मागणी मान्य झाली नाही. पण स्वतःचे दुःख दुसऱ्याच्या गळ्यात बांधून मोकळे व्हायचे नाही, हे चाळीस वर्षांच्या पराभवांनंतरही त्यांना उमगलेले होते, आणि आमच्या मते हीच त्यांची सर्वांत मोठी कमाई आहे.

भोपाळच्या लोकांना जे मिळाले नाही ते बऱ्याच अंशी इतरांना मिळाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ साली फॅक्टरी कायद्यात झालेली दुरुस्ती, १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा, हे सारे भोपाळच्या मढ्यांवर उभे आहेत. धोकादायक कारखान्याने अपघात केला तर कोणतीही सबब न चालता त्यानेच भरून द्यावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये दिल्लीतील वायुगळतीच्या खटल्यात सांगितले. भोपाळच्या बायकांना त्याचा लाभ झाला नाही. कारखान्यात काय साठवले आहे आणि अपघात झाला तर काय करावे, हे आसपासच्या वस्तीला सांगणे आता कारखानदारावर कायद्याने बंधनकारक आहे.

येथे प्रश्न आपल्याकडे येतो. आपल्या कोकणात लोटे-परशुराम, महाड, रोहा येथे रासायनिक कारखान्यांच्या वसाहती आहेत. उत्तरेला तारापूर आहे. त्यांच्या आसपास मराठी बोलणाऱ्या मुसलमानांची जुनी गावे आहेत, मोहल्ले आहेत, कोळी-कुणब्यांच्या वाड्या आहेत. शेजारच्या टाकीत काय आहे, हे त्यांतील किती जणांना ठाऊक आहे? जमातीच्या बैठकीत कब्रस्तानच्या कुंपणावर, मदरशाच्या वर्गणीवर तासभर चर्चा होते. तीही व्हावी. पण खाडीतले मासे का मेले, विहिरीच्या पाण्याला वास का येतो, सायरन वाजला तर पोरांना घेऊन कोणत्या दिशेला जायचे, हेही एकदा त्या बैठकीत आणि ग्रामसभेत विचारले गेले पाहिजे. कायद्याने दिलेला हा हक्क मागायला मोर्चाही लागत नाही, एक अर्ज लागतो. पाणी आणि हवा यांना धर्म नसतो, हे वाक्य आपण भाषणात पुष्कळदा ऐकले आहे. राशिदा आणि चंपा यांनी ते जगून दाखवले.

भोपाळ हरले, यात शंका नाही. पण १९८२ साली एका छोट्या साप्ताहिकाची हाक ऐकायला कोणी नव्हते, आणि आज तीच हाक कोणी घातली तर ती ऐकणारी, कागद सांभाळणारी, न्यायालयाची पायरी माहीत असलेली माणसे भोपाळच्या गल्लीगल्लीत आहेत. ती आपल्या गावांत आहेत काय, हे आपण वेळेवर पाहून घेतलेले बरे. भोपाळने भरलेली फी आपल्याला पुन्हा भरावी लागू नये, एवढ्यासाठीच हा हिशोब मांडला.